फोन मेला नाही, त्याला वाऱ्यावर सोडलंय

पोस्ट लांब आहे, आधीच सांगतो. चहा सांगा आणि बसा.

सरकारी मोबाइल दोन-तीन वर्षांत भंगारात का जातो, असं गावात कुणालाही विचारा. उत्तर ठरलेलं: "माल हलका होता, खाल्ले असतील कुणीतरी." खाल्ले असतील, नसतील, ते ज्याचं त्याला माहीत. पण समजा एक रुपयाही कुणी खाल्ला नसता, तरी तो मोबाइल तेवढ्याच दिवसांत बसला असता. कारण खोट नुसती मोबाइलमध्ये नव्हती, खरेदीच्या कागदात होती. मोबाइल गेले, कागद तसाच आहे. मला भांडायचंय ते त्या कागदाशी.

ऑगस्ट २०२१ आठवा. राज्यभर अंगणवाडी ताईंनी मोबाइल वापसी आंदोलन केलं. पोषण अभियानात २०१९ मध्ये वाटलेले फोन परत नेऊन दिले. राज्यात हे फोन एक लाखाहून जास्त होते. पॅनासोनिकचा इलुगा आय-७, २ जीबी रॅम. ताईंचं म्हणणं साधं होतं. फोन तापतो, अडकतो, वॉरंटी संपली, आणि दुरुस्तीचे हजारो रुपये आमच्याच तुटपुंज्या मानधनातून जातात. त्यात मार्च २०२१ मध्ये केंद्राचं पोषण ट्रॅकर अ‍ॅप आलं. ते या फोनवर धड चालेना, आणि सुरुवातीला मराठीतही नव्हतं. ज्या बाईने वीस वर्षं रजिस्टर मोत्यासारखं लिहिलं, तिला इंग्रजीतल्या रकान्यांपुढे बसवलं आणि वर नोटिसा. फेब्रुवारी २०२३ च्या संपातही नवीन मोबाइल ही मागणी होतीच.

आता १ जुलै २०२५ पासून घरी न्यायच्या आहारासाठी चेहरा ओळख आलीय. फोनने माऊलीचा चेहरा ओळखायचा, मग लेकराचा घास मिळणार. फोन अडकला तर घास अडकला.

आणि हे अंगणवाडीपुरतं नाही. आपल्या जवळा बाजारच्या शेतकऱ्याला ई-पीक पाहणी फोनवर करावी लागते. पीएम किसानचं ई-केवायसी फोनवर. लाडक्या बहिणीचं ई-केवायसी फोनवर. बांधावर उभं राहून सोयाबीनचा फोटो काढायचा आणि अ‍ॅप म्हणतं, तुमचा फोन जुना आहे. फोन आता चैन राहिली नाही, रेशनकार्डासारखा झालाय. फरक एवढाच, की रेशनकार्ड दर तीन वर्षांनी आपोआप निकामी होत नाही.

तर फोन निकामी होतो म्हणजे नेमकं काय होतं? इथं थोडं आत शिरावं लागेल. कंटाळू नका, मी आपल्याच भाषेत सांगतो.

प्रत्येक अँड्रॉइड फोनच्या तळाशी लिनक्स नावाचा गाभा असतो, त्याला कर्नल म्हणतात. १९९१ साली फिनलंडमधल्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने तो लिहायला घेतला, आणि आज जगभरातले हजारो लोक मिळून तो सांभाळतात. कर्नल म्हणजे फोनचा तलाठी समजा. (आता त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं, पण आपल्या तोंडात तलाठीच.) कोणत्याही अ‍ॅपला कॅमेरा पाहिजे, स्पीकर पाहिजे, मेमरी पाहिजे, तर त्याच्याच दारात जावं लागतं. कोणती चिप कोणत्या तारेला जोडलीय, कुठलं बटण कुठल्या पिनवर आहे, हे त्याला एका फाइलमधून कळतं. तिला डिव्हाइस ट्री म्हणतात. तो झाला गाव नकाशा.

आता या तलाठ्याचं मूळ दप्तर सगळ्यांसाठी खुलं आहे. त्याला मेनलाइन म्हणतात. त्यात बदल करायचा तर फेरफारासारखीच पद्धत. बदल उघडपणे ईमेलने सगळ्यांपुढे ठेवायचा, लोक हरकती घेतात, त्या विभागाचा जाणकार मंजूर करतो, मग तो मूळ दप्तरात चढतो. एकदा चढला की पुढच्या प्रत्येक आवृत्तीत सांभाळला जातो. नवीन आवृत्ती साधारण दर नऊ-दहा आठवड्यांनी येते.

मोबाइल कंपन्या काय करतात? चिप बनवणारी कंपनी या दप्तराची एक जुनी झेरॉक्स काढते. त्यात आपल्या चिपसाठी लाखो ओळी कोंबते, त्या मूळ दप्तरात कधी पाठवतच नाही. ती झेरॉक्स फोन कंपनीला मिळते, फोन कंपनी तिच्यात आणखी खरडते, आणि फोन विकायला काढते. काही वर्षांपूर्वीच्या स्वस्त फोनांत ३.१८ सारख्या आवृत्त्या सर्रास असायच्या. ३.१८ ही आवृत्ती डिसेंबर २०१४ ची. मूळ दप्तर कुठल्या कुठं गेलं, आपल्या खिशात २०१४ चं खरडलेलं झेरॉक्स. दोन वर्षांनी चिप कंपनीचं लक्ष नव्या चिपवर, फोन कंपनीचं नव्या फोनवर. जुन्या झेरॉक्सचं अक्षर दुसऱ्या कुणाला लागत नाही. झाला फोन बेवारस.

अंगणवाडीचा तो फोन २०१८ मध्ये बाजारात आला तेव्हा अँड्रॉइड ७ वर होता. अँड्रॉइड ८ त्याआधीच, ऑगस्ट २०१७ मध्ये आलेलं. म्हणजे लेकरू शाळेत घातलं तेव्हाच एक इयत्ता मागे. आणि आपण ते २०१९ मध्ये लाखाच्या हिशोबाने घेतलं.

"अहो पण २ जीबी रॅममध्ये काय होणार?" असं मला आमच्या बसस्टँडसमोरचा मोबाइल दुरुस्तीवाला म्हणाला. पोरगं हुशार आहे, त्याचं म्हणणं अर्धं खरं आहे. पण २ जीबी म्हणजे कमी नाही हो. ज्या कॉम्प्युटरवर आपण वर्तमानपत्राची पानं लावली, त्यात त्याच्या चौथा हिस्साही मेमरी नव्हती. वजन, उंची आणि हजेरी भरायला २ जीबी पुरत नसेल, तर अ‍ॅप लिहिणाऱ्यालाही दोन प्रश्न विचारायला पाहिजेत. गरिबाच्या फोनवर चालेल असं अ‍ॅप लिहिणं ही त्याची जबाबदारी आहे, अ‍ॅपला झेपेल असा फोन घेणं ही गरिबाची नाही.

आता जगात काय चाललंय ते बघा.

२०१७ मध्ये जर्मनीतल्या एका तरुणाने पोस्टमार्केटओएस नावाचा प्रकल्प सुरू केला. नावातच सगळं आलं: बाजाराने सोडल्यानंतरची व्यवस्था. ध्येय एकच, फोन दहा वर्षं चालला पाहिजे. पद्धत अशी की कंपनीची झेरॉक्स फेकायची आणि त्या फोनसाठी लागणारं सगळं मूळ दप्तरात, म्हणजे मेनलाइनमध्ये चढवायचं. एका फोनचं काम महिनोन्‌महिने चालतं. आधी नुसती स्क्रीन लागते. मग टच. मग वायफाय. मग आवाज. पोरं रात्री जागतात, बहुतेकांना त्याचा पगार नाही.

आणि हे फोन काही अमेरिकेतले नाहीत. शाओमीचा रेडमी २ आठवतो? २०१५ मध्ये ऑनलाइन सेलमध्ये मिळाला म्हणून लोकांनी पेढे वाटले होते. लेनोव्हो ए-६०००? सॅमसंगचे २०१५ चे ए-३, ए-५? या सगळ्यांत क्वालकॉमची एकच चिप, स्नॅपड्रॅगन ४१०. कंपन्यांनी हे फोन केव्हाच सोडून दिले. पण स्वयंसेवकांनी त्या चिपचं काम मेनलाइनमध्ये इतकं पक्कं केलं, की दहा वर्षांपूर्वीच्या या फोनांवर आजचं ताजं कर्नल चालतं. त्याच चिपचे स्वस्त फोर-जी डोंगल मिळतात, त्यावर लोक डेबियन चालवतात. पोको एफ-१ तर खास आपल्याकडे गाजलेला फोन, ऑगस्ट २०१८ मध्ये भारतात आला. त्याला मेनलाइनमध्ये आणण्यात लिनारो या संस्थेतल्या भारतीय अभियंत्यांचा हात आहे. आणि त्या पायावर नुसतं लिनक्स नाही, नवं अँड्रॉइडही चालवून दाखवलंय. हा मुद्दा लक्षात ठेवा, खाली लागेल.

म्हणजे फोन म्हातारा होत नाही. बॅटरी फुगते, ती बदलता येते. चार्जिंगची पिन ढिली होते, ती आमचा दुरुस्तीवाला पंधरा मिनिटांत बदलतो. पण सॉफ्टवेअरचं दार बाहेरून कुलूप लावून बंद केलंय, तिथं त्याचा स्क्रूड्रायव्हर चालत नाही.

आता खरी मेख. फर्मवेअर.

फोनमध्ये वायफायची चिप असते, नेटवर्कचा मोडेम असतो, चित्र काढणारी चिप असते. या प्रत्येकाच्या पोटात स्वतःचा एक छोटा प्रोग्राम चालतो. तो फर्मवेअर. कर्नल कितीही नवं असो, सुरू होताना त्याला ही फाइल त्या चिपच्या तोंडात घालावी लागते. नाही घातली तर वायफाय मुकं, मोडेम मुका. या फाइलींचा मूळ मजकूर कंपनी कुणाला देत नाही, तयार गोळी देते. ठीक आहे, नका देऊ. पण ती गोळी पुढे वाटायची परवानगीही देत नाही! बियाण्याच्या बाबतीत असं झालं तर कसं वाटेल? पिशवी तुमच्या घरात, पैसे तुमचे, पण शेजाऱ्याला मूठभर दिलं तर कंपनीची नोटीस.

वर आणखी एक गोम. बऱ्याच फोनांत या फाइलींवर फोन कंपनीची डिजिटल सही लागते. सही जुळली नाही तर चिप ती फाइल घेतच नाही. म्हणून चिप एकच असली तरी रेडमीची फाइल सॅमसंगला चालत नाही. वायफायची आणखी एक फाइल असते, त्यात अँटेनाची मापं असतात, ती मॉडेलगणिक वेगळी. काही फाइली तर कंपनीने दहा-दहा तुकडे करून ठेवलेल्या, त्या आधी जोडून एक कराव्या लागतात. मग प्रत्येक फोनसाठी वेगळं पाकीट बांधायचं: ही फाइल या जागी, ती त्या जागी. याला फर्मवेअर पॅकेजिंग म्हणतात. दिसायला कारकुनी काम. पण हे केलं नाही तर बाकीच्यांची दोन वर्षांची मेहनत म्हणजे डबडं. आणि परवानगी नसल्यामुळे अनेकदा ते पाकीट उघडपणे वाटताही येत नाही. ज्याचा फोन त्याने स्वतःच्याच फोनच्या पोटातून फाइल उपसायची. फोन कोरा झाला असेल तर ते जमतही नाही.

लक्षात घ्या, हे कुणी तंत्रज्ञान चोरायला निघालेलं नाही. जो फोन विकला, ज्याचे पैसे वसूल झाले, जो आता कंपनीच्या वेबसाइटवर दिसतसुद्धा नाही, त्या फोनची चार फाइल वाटायची परवानगी. कंपनीला खर्च शून्य. तरी देत नाहीत. का? मला एकच कारण दिसतं. जुना फोन चालत राहिला तर नवा कोण घेणार?

कर्नलच्या बाबतीत तर कायदाच आपल्या बाजूने आहे. लिनक्सचा परवाना जीपीएल आवृत्ती २. तो म्हणतो, हे घ्या, फुकट वापरा, बदला, विका, पण ज्याला विकाल त्याने मागितलं तर बदललेला मूळ मजकूर द्या. फुकटात घेतलेल्याची एवढीच किंमत. तरी कित्येक कंपन्या ती चुकवत नाहीत. अमेरिकेत टीव्ही बनवणाऱ्या व्हिझिओ कंपनीवर सॉफ्टवेअर फ्रीडम कॉन्झर्व्हन्सी या संस्थेने २०२१ मध्ये याच मुद्द्यावर दावा टाकला, आणि तो ग्राहक म्हणून टाकला. आमच्या घरातल्या टीव्हीचा कोड आम्हाला द्या, एवढीच मागणी.

आता आपल्या सरकारकडे या. एखादा गिऱ्हाईक एक फोन घेतो, त्याचं कंपनी ऐकत नाही. पण एक लाख फोन घेणारं गिऱ्हाईक? मोंढ्यात दोन क्विंटल हळद घेऊन येणाऱ्याला आडत्या भाव सांगतो, आणि दोन ट्रक घेऊन येणारा आडत्याला भाव सांगतो. महाराष्ट्र सरकार दोन ट्रक घेऊन गेलं आणि दोन क्विंटलवाल्यासारखं हात जोडून उभं राहिलं. निविदा काढताना स्क्रीन किती इंची, बॅटरी किती, कॅमेरा किती मेगापिक्सेल हे सगळं लिहितात. हे फोन पाच वर्षांनी कोण सांभाळणार, हे कोण लिहिणार?

लिहायचं काय तेही सांगतो, चार ओळींचं काम आहे. फोनचं बूटलोडर, म्हणजे सॉफ्टवेअरचं पहिलं कुलूप, त्याची किल्ली खरेदीदाराला म्हणजे शासनाला मिळावी. कर्नलचा मूळ मजकूर फोन पुरवतानाच जमा व्हावा, मागाहून नाही. फर्मवेअरच्या फाइली त्या फोनांसाठी पुढे वाटायची लेखी परवानगी असावी. आणि सुरक्षा अपडेट किती वर्षं देणार तो आकडा करारात असावा, न दिल्यास अनामत जप्त. डांबरी रस्त्याच्या ठेकेदाराकडून आपण दोष दायित्व कालावधी लिहून घेतो की नाही? (पाळतो किती तो वेगळा विषय, त्यावर वेगळी पोस्ट.) मग फोनच्या पुरवठादाराला काय सोन्याचं कणीस लागलंय?

ज्यांना वाटतं हे सगळं हवेतलं आहे, त्यांच्यासाठी. युरोपात २० जून २०२५ पासून नियम लागू झालाय. तिथं विकल्या जाणाऱ्या स्मार्टफोनला, त्या मॉडेलची विक्री थांबल्यापासून किमान पाच वर्षं सॉफ्टवेअर अपडेट द्यावेच लागतात. त्याच कंपन्या, बरंचसं तेच फोन. तिथं निमूट देतात. आपल्याकडे केंद्राने डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टल काढलं. मग दुरुस्ती निर्देशांकासाठी समिती नेमली, तिचा अहवाल मे २०२५ मध्ये आला. त्यात फोनला गुण देताना सॉफ्टवेअर अपडेटही मोजा असं आहे. चांगलं आहे. पण गुण देणं वेगळं आणि सक्ती करणं वेगळं. निर्देशांकाचं स्टिकर बघून फोन घेणारा गिऱ्हाईक आपल्या बाजारात मला अजून भेटायचाय.

केरळचं उदाहरण तर मला सारखं टोचतं. तिथल्या सरकारी शाळांनी वीसेक वर्षांपूर्वीच लिनक्स धरलं. मल्याळममधून. मास्तरांना प्रशिक्षण दिलं, पोरं त्यावरच शिकली, परवान्याचे पैसे वाचले. आपण त्याच काळात काय केलं? एमएस-सीआयटीचं प्रमाणपत्र कारकुनाच्या नोकरीला सक्तीचं केलं आणि पोरांना एका कंपनीच्या खिडकीतून बाहेर बघायला शिकवलं. आपल्याकडे हुशारी नव्हती असं थोडंच आहे? देवनागरीसकट भारतीय लिपींचे लोहित फॉन्ट, जे जगभर लिनक्सवर मराठी दाखवत आलेत, ते रेड हॅटच्या पुण्यातल्या माणसांनी सांभाळले. पुण्यातली माणसं जगाचं काम करतात, आणि पुण्याहून साडेचारशे-पाचशे किलोमीटरवरच्या अंगणवाडीला मराठी अ‍ॅपसाठी आंदोलन करावं लागतं.

आणि आपल्या तालुक्याचं काय सांगू! औंढ्याजवळ दुधाळ्याला लायगो उभी राहायलीय. केंद्राने एप्रिल २०२३ मध्ये २६०० कोटी मंजूर केले. अब्जावधी प्रकाशवर्षं दूर दोन कृष्णविवरं धडकली तर त्याची थरथर इथं मोजणार. अमेरिकेतल्या लायगोचे कॉम्प्युटर लिनक्सवर चालतात. म्हणजे अंतराळाची थरथर मोजायला जे लिनक्स चालतं, ते तिथून काही कोसांवरच्या अंगणवाडीत लेकराचं वजन लिहायला चालवता आलं नाही.

आता उलट बाजू. नाहीतर उद्या कुणी तज्ज्ञ कमेंटमध्ये येऊन मला उघडं पाडेल.

एक. मेनलाइन केलेला फोन म्हणजे जादू नाही. पोस्टमार्केटओएस शेकडो फोनांवर सुरू होतं, पण सुरू होणं आणि वापरता येणं यात फार अंतर आहे. बऱ्याच फोनांवर कॅमेरा चालत नाही. काहींवर कॉल लागत नाही. बँकेचे आणि यूपीआयचे अ‍ॅप तिथं चालत नाहीत. त्यामुळे उद्या घरी जाऊन फोनवर प्रयोग करू नका. एकुलता एक फोन असेल तर मुळीच नाही. बिघडला तर मला फोन करायलाही फोन उरणार नाही.

दोन. अंगणवाडीच्या त्या फोनमध्ये मीडियाटेकची चिप होती. स्नॅपड्रॅगन ४१० चं जेवढं काम मेनलाइनमध्ये झालं, त्याच्या पासंगालाही त्या काळातल्या मीडियाटेकच्या स्वस्त चिपांचं झालेलं नाही. म्हणजे २०२१ मध्ये कुणी येऊन आठ दिवसांत ते लाखभर फोन जिवंत केले असते, असं मी म्हणत नाही.

पण म्हणूनच तर म्हणतो, हे खरेदीच्या आधी बघायचं असतं! कोणती चिप घेतली तर पुढं सांभाळता येईल, हे निविदेच्या वेळी विचारायचा प्रश्न आहे. बैल घेताना दात बघतात, घरी आणल्यावर नाही. मेनलाइनमध्ये असलेल्या चिपचा फोन घेतला असता, तर नवं अँड्रॉइड शासनाला स्वतः बांधून घेता आलं असतं. पोको एफ-१ च्या वेळी तेच दाखवून दिलंय. एका मॉडेलसाठी एकदा केलेलं काम एक लाख फोनांना लागू पडतं. चार-पाच अभियंत्यांचा वर्षाचा पगार आणि लाखभर नव्या फोनांची किंमत, यांची तुलना तुम्हीच करा.

तीन. "सुरक्षेचं काय? सरकारी डेटा असल्या हौशी सॉफ्टवेअरवर?" हा प्रश्न सूट घातलेले लोक विचारतात. त्यांना माझा उलट प्रश्न: ज्या फोनला वर्षानुवर्षं सुरक्षा अपडेट आलेलं नाही, त्यात गावातल्या प्रत्येक गरोदर बाईचं नाव, आधार आणि लेकराचं वजन ठेवलंय. ते सुरक्षित आहे का? उघडं दप्तर हजार डोळे बघतात. बंद झेरॉक्स कुणीच बघत नाही.

चार. "हे करणार कोण?" लई लोक म्हणायलेत, आपल्या भागात एवढी अक्कल कुठं. हे ऐकलं की माझं डोकं फिरतं. हिंगोलीत शासकीय तंत्रनिकेतन आहे. नांदेडला गुरु गोबिंदसिंगजी अभियांत्रिकी आहे. शेवटच्या वर्षाला प्रोजेक्ट म्हणून काय करतात? ग्रंथालय व्यवस्थापन प्रणाली. गेल्या वर्षीची, त्याच्या गेल्या वर्षीची, मुखपृष्ठावरचं नाव बदलून, स्पायरल बाइंडिंग करून. त्याऐवजी एका गटाला एक जुना फोन द्या. म्हणा, याचा गाव नकाशा लिहा, टच चालू करून दाखवा. चालू झाला आणि फेरफार मूळ दप्तरात चढला, तर त्या पोराचं नाव लिनक्सच्या इतिहासात कायमचं राहतं, जगातली कुठलीही कंपनी ते बघू शकते. त्यासाठी पुण्याच्या क्लासची फी लागत नाही. लागतो तो एक जुना फोन, एक केबल, आणि चिकाटी. चिकाटी आपल्याकडे कमी नाही, सोयाबीनचा भाव दरसाल पडत असतानाही आपण पेरतोच की.

बरं, यूपीआय न चालणारा फोन काय कामाचा, असं कुणी म्हणेल. जिल्हा परिषदेच्या शाळेत पोरांना मराठी टायपिंग आणि थोडं प्रोग्रामिंग शिकवायला कॉम्प्युटर नाहीत. तिथं कीबोर्ड जोडून हाच फोन चालतो. वाचनालयात पुस्तकांची यादी दाखवायला चालतो. हळदीच्या गोदामात उष्णतामान आणि दमटपणा नोंदवायला चालतो. हे मी स्वप्न सांगत नाही, जगात लोक अशीच कामं जुन्या फोनांकडून करून घेतात. आपण मात्र ते किलोवर देतो, आणि मग बॅटऱ्या जळल्याचा धूर आपल्याच लेकरांच्या नाकात जातो. ई-कचऱ्याचे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत, जबाबदारी उत्पादकावर टाकलीय. आपल्या बाजारात भंगारवाल्याच्या हातगाड्याशिवाय दुसरी व्यवस्था मला तरी दिसली नाही. कुणाला दिसली असेल तर फोटो टाका.

माझा राग कंपन्यांवर आहेच, पण त्यांचं एक समजू शकतो. त्या विकायलाच बसल्यात. माझा जास्त राग त्या टेबलावर आहे, जिथं लाखभर फोनांच्या फाइलवर सही झाली आणि "हे पुढं कोण सांभाळणार" हा प्रश्न कुणाच्या तोंडातून निघाला नाही. आणि आपल्या लोकप्रतिनिधींवर. मोबाइल वाटपाच्या कार्यक्रमात फोटोला पुढे असतात. वापसीच्या वेळी कुणी फिरकलं नाही. ताई उन्हात बसल्या होत्या.

म्हणून या आठवड्यात माहितीच्या अधिकारात दोन अर्ज टाकतोय. एक हिंगोली जिल्हा परिषदेच्या महिला व बालकल्याण विभागाला: २०१९ मध्ये जिल्ह्यात किती फोन आले, किती परत जमा झाले, आज ते कुठल्या खोलीत आहेत, त्यांची विल्हेवाट लावली असेल तर कुणामार्फत. दुसरा नवी मुंबईला, एकात्मिक बाल विकास सेवा आयुक्तालयाला: त्या वेळच्या आणि त्यानंतरच्या प्रत्येक मोबाइल खरेदीच्या करारात सुरक्षा अपडेटची मुदत, बूटलोडरची किल्ली आणि कर्नलचा मूळ मजकूर याबद्दल काय लिहिलंय, त्या पानांच्या प्रती. महाराष्ट्रात अर्जाला दीडशे शब्दांची मर्यादा आहे आणि एका अर्जात एकच विषय, म्हणून दोन वेगळे. दहा-दहा रुपयांचे कोर्ट फी स्टॅम्प लावलेत.

अंगणवाडी ताई, मदतनीस ताई, तुमच्याकडं त्या वेळच्या पावत्या, दुरुस्तीची बिलं, नोटिशीच्या प्रती असतील तर मला मेसेंजरवर फोटो पाठवा. नाव कुठंही येणार नाही. तंत्रनिकेतनातल्या पोरांनो, ज्यांना खरंच एखाद्या फोनवर काम करायचंय त्यांनी कमेंटमध्ये मॉडेल लिहा. माझ्या घरी तीन पडलेत, त्यातला एक रेडमी २ आहे, बॅटरी बदलून देतो.

अर्जाला तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. जे येईल, जसं येईल, तसं इथंच टाकतो.